बाबांचा एफएम२, स्वस्त झालेला डीएसएलआर आणि माळ्यावरच्या निगेटिव्ह

पत्र थोडक्यात असं: विलेपार्ले पूर्वेच्या एका वाचक ताईंची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं आहे. माळा उपसताना वडिलांचा निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा निघाला. सोबत ५० मिमी एफ/१.८ आणि २८ मिमी एफ/२.८ या दोन लेन्स होत्या, आणि प्लास्टिकच्या तीन डब्यांत साधारण शंभर रोलच्या निगेटिव्ह. एका डब्याला आंबूस वास येतोय. काही पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आहेत. कॅमेऱ्यात रोल असावा, कारण काढलेल्या फोटोंचा आकडा १९ वर थांबलाय. ताईंना पुन्हा फोटोग्राफी सुरू करायची आहे आणि बजेट ४० हजार आहे. बोराबाजारातल्या दुकानदारानं निकॉनचा वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) डी५६०० दोन झूम लेन्ससह ३४ हजारांना सांगितला, डी७२००ची नुसती बॉडी २७ हजारांना. एफएम२ आणि दोन्ही लेन्स दिल्या तर ६ हजार कमी करतो म्हणाला. भाचा म्हणतो, फिल्मच वापर, रोल ११०० ला मिळतो, धुलाई आणि स्कॅन ५५० ला. मुलीला जुना छोटा डिजिकॅम हवाय. आणि शेवटचा प्रश्न: भाव उतरतच आहेत, तर आणखी वर्षभर थांबू का?

सप्रेम नमस्कार ताई,

कॅमेऱ्याच्या खरेदीकडे येऊच, पण त्याआधी एक काम आहे. एफएम२चं मागचं झाकण उघडू नका, आणि घरात कुणालाही उघडू देऊ नका. आतल्या रोलवर अठरा-एकोणीस फोटो असू शकतात. झाकण क्षणभर उघडलं तरी बाहेरच्या गुंडाळीवरचे, म्हणजे सगळ्यात शेवटी काढलेले फोटो जातात.

वरच्या डाव्या कोपऱ्यातली रिवाइंडची चकती बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा. थोडी फिरून ताठ झाली तर आत रोल आहे. मग कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबा, चकतीवरचा दुमडलेला दांडा उघडा आणि सावकाश गुंडाळायला लागा. अगदी सावकाश. वर्षानुवर्षं एकाच जागी वळून राहिलेली फिल्म कडक झालेली असते आणि झटका बसला की तुटते. शेवटी दांडा एकदम हलका होतो. तो हलका झाल्यावरही दहा-बारा वळसे द्या, मगच झाकण उघडा. मध्येच दांडा अडला तर जोर लावू नका. तसाच कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि काळ्या चेंजिंग बॅगेत हात घालून रोल काढून द्यायला सांगा. उरलेल्या सतरा फ्रेम वाया जातात म्हणून त्यावर नवे फोटो काढायचा मोह टाळा. निघालेला रोल घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. तो लगेच धुवायला देऊ नका, का ते पुढे लॅबच्या भागात सांगतो.

आता निगेटिव्ह. खरी घाई इथे आहे, कॅमेऱ्याची नाही. आंबूस वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेटचा पाया विघटित होऊन त्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, बाहेर पडतंय. उष्णता आणि दमटपणा यांनी ही क्रिया वाढते, आणि बाहेर पडलेलं आम्ल तिला आणखी वेग देतं. बंद डब्यात ते आम्ल कोंडून राहतं आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं. झालेलं नुकसान उलट फिरवता येत नाही, फक्त गती कमी करता येते. म्हणून वासाचा डबा आजच बाकीच्या दोघांपासून वेगळा करा, दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याचं झाकण पूर्ण बंद करू नका. कॉपी करायची ती आधी याच डब्याची.

चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका. दमट हवेत फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून चिकट होतो. ओढलं की तो थर निघतो, आणि चित्र त्या थरातच असतं. पट्ट्या पाण्यात भिजवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. पांढरे किंवा करडे बुरशीचे ठिपके असतील तिथे तो अजिबात ऐकू नका, कारण बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. बुरशी आधी मऊ ब्रशनं कोरडीच झाडा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओला केलेला कापूस एका बिनमहत्त्वाच्या पट्टीच्या कडेवर फिरवून बघा. घट्ट चिकटलेला गठ्ठा वेगळा ठेवून द्या, त्याला सगळ्यात शेवटी हात लावा. बाकी पट्ट्यांसाठी पॉलिप्रॉपिलिनचे स्लीव्ह घ्या. जुने पीव्हीसीचे मऊ, वास येणारे पाकीट टाकून द्या, चिकटण्याला बऱ्याचदा तेच कारण असतं.

आता भावांचं. तुम्ही म्हणता भाव उतरतायत. ते खरं आहे, पण कशाचे उतरतायत ते नीट बघायला हवं. १९९९ साली निकॉनचा डी१ आला तेव्हा २.७ मेगापिक्सेलच्या त्या नुसत्या बॉडीची अमेरिकेतली किंमत साडेपाच हजार डॉलरच्या आसपास होती. २००३ मध्ये कॅननचा ३००डी ६.३ मेगापिक्सेल घेऊन हजार डॉलरच्या आत आला आणि हौशी माणसाच्या आवाक्यात डिजिटल एसएलआर पहिल्यांदा आला. २००६ मध्ये निकॉननं एफ६ आणि एफएम१० सोडून जवळजवळ सगळे फिल्म कॅमेरे बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी कोनिका मिनोल्टा या धंद्यातूनच बाहेर पडली. सेन्सर हा चिपच्या कारखान्यात तयार होणारा भाग आहे. जितके जास्त बनतात आणि जितके कमी खराब निघतात तितका तो स्वस्त होतो, म्हणून त्या दहा वर्षांत भाव असे घसरले.

मग मोबाइल आला. जपानी कंपन्यांनी २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३ पर्यंत हा आकडा ८० लाखांच्या आसपास उतरला होता. इतक्या कमी मालावर कंपन्या स्वस्त कॅमेरा बनवत नाहीत, महाग मिररलेसच, म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे, बनवतात. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढा दिलासा मिळाला. पण नव्या कॅमेऱ्याचा भाव दरवर्षी उतरेल हे दिवस आता संपले. उतरतोय तो वापरलेल्या डीएसएलआरचा. कॅनन आणि निकॉननं २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, व्यावसायिक लोक मिररलेसकडे गेले आणि त्यांच्या बॉड्या बोराबाजारात आल्या.

त्यामुळे वर्षभर थांबू नका. थांबल्यानं दोन-तीन हजार वाचतील कदाचित, पण तोपर्यंत मूळ कंपनीची बॅटरी, शटरचे सुटे भाग आणि जुन्या मॉडेलवर हात बसलेला कारागीर मिळणं आणखी अवघड होईल. आणि वासाच्या डब्याकडे वर्षभराचा वेळ नाहीच.

डी५६०० आणि डी७२०० मध्ये आमचं मत स्पष्टपणे डी७२००च्या बाजूनं आहे, जरी दोन लेन्सचा सौदा डोळ्यांत भरत असला तरी. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खोबण, १९५९ पासूनचा आहे, म्हणून वडिलांच्या लेन्स दोन्ही बॉड्यांवर बसतील. पण डी५६०० त्या लेन्सवर प्रकाश मोजतच नाही, त्याचं मीटर गप्प बसतं. डी७२०० च्या माउंटभोवती एक छोटा सरकता खटका आहे. लेन्सची रिंग किती एफवर आहे, म्हणजे लेन्स किती उघडी आहे, हे तो वाचतो. मेनूतल्या ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’मध्ये, म्हणजे चिप नसलेल्या जुन्या लेन्सच्या माहितीत, ५० मिमी आणि एफ/१.८ भरलं की ए (शटर कॅमेरा ठरवतो) आणि एम (सगळं आपण ठरवतो) मोडमध्ये मीटर नीट चालतं. फोकस हातानं करायचा, जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका येतो. नंतर आलेल्या डी७५०० मध्ये हा खटका काढून टाकलाय, त्यामुळे ‘हाच नवीन आहे, हा घ्या’ असं कुणी म्हटलं तर फसू नका. लेन्स लावायच्या आधी एक खात्री करा. एफच्या आकड्यांची मोठी रांग असते, तिच्याखाली माउंटच्या बाजूला बारीक आकड्यांची दुसरी रांग असली पाहिजे. १९७७ नंतरच्या एआय लेन्सची ती खूण आहे. त्याआधीची लेन्स डी७२०० चा खटका मोडू शकते. वडील या लेन्स एफएम२वर वापरत होते, म्हणजे त्या एआयच असणार, तरी बघून घ्या.

एक तोटा आधीच सांगतो. डी७२०० चा सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान आहे, त्यामुळे ५० मिमी लेन्स ७५ सारखी आणि २८ मिमी साधारण ४२ सारखी दिसेल. भाड्याच्या घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यांचा फोटो घ्यायला हे पुरणार नाही. पुढे कधी वापरलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स मिळाली तर घ्या. ती जुन्या किटमधून सुटी निघते आणि महाग नसते.

दुकानात जाताना स्वतःचं एसडी कार्ड आणि छोटी टॉर्च न्या. एक जेपेग फोटो काढून घरी आणा. फाइलच्या एक्झिफ माहितीत शटर किती वेळा चाललंय तो आकडा असतो, संगणकावर एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रामनं वाचता येतो. डी७२००चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. ५०-६० हजारांपर्यंतची बॉडी निर्धास्त घ्या, लाखाच्या पुढची असेल तर भाव चांगला खाली यायला हवा. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर धूळ आहे, साफ होते. फांद्यांसारख्या रेषा दिसल्या तर सेन्सरवरच्या काचेवर बुरशी आहे, ती बॉडी परत ठेवा. बाहेरचे स्क्रू बघा. खाचा झिजलेल्या असतील तर बॉडी आधी उघडलेली आहे. पकडीचं रबर फुगून सुटलं असेल तर ते मुंबईच्या हवेचं काम आहे, चिकटवून घेता येतं, पण ते दाखवून भाव पाडा. सेटअप मेनूतल्या बॅटरीच्या माहितीत ० ते ४ असं बॅटरीचं वय दिसतं. ३ किंवा ४ असेल तर नवी बॅटरी हिशेबात धरा. बिलावर सीरियल नंबर आणि तपासणीची मुदत लिहून घ्या. तोंडी वचनावर २७ हजार देऊ नका.

आता या बॉडीवर वडिलांच्या निगेटिव्ह कशा उतरवायच्या ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या खरेदीचा मोठा भाग यातूनच वसूल होणार आहे. शंभर रोल स्कॅनला दिले तर खर्च तर येईलच, शिवाय बहुतेक लॅब आज धुतलेल्या रोलसाठी बसवलेल्या असतात, जुन्या, वाकड्या, कापलेल्या पट्ट्यांवर वेळ घालवत नाहीत.

निगेटिव्हची फ्रेम ३६ बाय २४ मिमी आणि डी७२००चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमी. म्हणजे चित्र सेन्सरवर मूळ फ्रेमच्या ०.६५ पट आकाराचं पडायला हवं. ५० मिमी लेन्स स्वतःहून इतक्या जवळ जात नाही. पण लेन्स आणि बॉडीच्या मध्ये पोकळ रिंग घातली की जाते. रिंगची जाडी भागिले लेन्सची फोकल लांबी, एवढी पट मिळते. निकॉनची जुनी पीके-१३ रिंग २७.५ मिमीची आहे, म्हणजे ०.५५ पट. त्यावर लेन्सचा स्वतःचा फोकस फिरवला की ०.७ पर्यंत जाता येतं आणि ०.६५ मधोमध सापडतं. साध्या रिंगांचा ७, १४ आणि २८ मिमीचा संच स्वस्त मिळतो, त्यातली २८ची एकटी पुरते. अशा रिंगमधून ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या भोकाचा, खटका बॉडीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे एम मोडमध्ये काम करायचं आणि लेन्सच्या रिंगवर एफ/८ ठेवायचं. एफ/१.८ ला कडा मऊ येतात आणि एफ/१६ च्या पुढे सगळंच चित्र किंचित मऊ होतं.

खाली उजेडासाठी सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ किंवा त्याहून वर असलेलं एलईडी पॅनल घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळेल. स्वस्त पॅनलमध्ये लाल रंग कमी असतो आणि मग माणसांची कातडी कितीही सुधारली तरी हिरवट राहते. पॅनलवर साइनबोर्ड करणाऱ्यांकडून दुधी ॲक्रिलिकचा ३ मिमीचा तुकडा ठेवा आणि निगेटिव्ह त्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर राहील असं बघा. निगेटिव्ह थेट ॲक्रिलिकवर टेकली तर त्यावरची प्रत्येक धूळ फोटोत येते. मोबाइलची स्क्रीन पॅनल म्हणून वापरू नका, पिक्सेलची जाळी उमटते.

कॅमेरा खाली तोंड करून धरायला ट्रायपॉडपेक्षा जुन्या एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राचा, खांब बरा. डार्करूम बंद झाल्यावर असे एन्लार्जर भंगारात गेले, चोरबाजारात अजून सापडतात. वरचं दिव्याचं डोकं काढून तिथे कॅमेऱ्याचा स्क्रू बसवून घ्यायचा. कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर आहेत की नाही हे पातळीच्या बुडबुड्यानं बघण्यापेक्षा निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत कॅमेरा हलवा. ते मध्ये आलं की समांतर झालं. हे एकदा नीट केलं की चारही कोपरे धारदार येतात. हे न करता बसलात तर शंभर रोल झाल्यावर डावी कड मऊ असल्याचं लक्षात येतं.

मग खोलीतला दिवा घालवा. आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) १००, रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल, दोन सेकंदांचा टायमर. फोकस लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून चित्रावर नाही, फिल्मच्या दाण्यावर जुळवा. पट्टीची चकचकीत बाजू वर ठेवा, आणि ती वाकलेली असली तर मध्ये चौकोनी भोक कापलेल्या काळ्या पुठ्ठ्याखाली दाबून धरा. शटर १/१५ ते १/६० सेकंदाच्या मध्ये कुठेतरी येईल. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे जाऊ द्या, पण कडेला कापला जाऊ देऊ नका. एका रोलसाठी एक्स्पोजर एकदा ठरलं की मध्ये बदलू नका. प्रत्येक रोलमागे दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या नारिंगी जागेचा एक फोटो काढून ठेवा. संगणकावर डार्कटेबल या मोफत प्रोग्राममध्ये नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. त्याला ती कोरी जागा दाखवली की तो नारिंगी पाया वजा करतो आणि रंग पन्नास टक्के तिथेच सुधारतात. हे सगळ्या रोलला एकदाच करून चालत नाही, कारण कोडॅक, फुजी, कोनिका यांचा पाया वेगळा असतो आणि जुना झाल्यावर आणखी बदलतो.

हात बसल्यावर एका रोलला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे शंभर रोलला पंचवीस तास. रोज संध्याकाळी दोन रोल केले तर पन्नास दिवस. ३६०० फ्रेम, एकेक रॉ फाइल सुमारे ३० एमबी, म्हणजे शंभर-सव्वाशे जीबी. एक प्रत घरच्या संगणकावर, एक पोर्टेबल डिस्कवर. घर हलवताना ती डिस्क सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता नातेवाइकांकडे ठेवा. आणि फाइल झाल्या म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नका.

भाच्याच्या म्हणण्याकडे येतो. त्यानं सांगितलेल्या भावानं रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून १६५० रुपये, म्हणजे एका फोटोला जवळजवळ ४६. महिन्याला दोन रोल काढलेत तर वर्षाला ३९,६००. तुमचं सगळं बजेट एका वर्षात, आणि हातात नवी वस्तू काही नाही. म्हणून शिकणं आणि रोजचे फोटो डिजिटलवर, आणि दोन महिन्यांतून एक रोल एफएम२वर, हे आम्हाला योग्य वाटतं. वर्षाला ९,९०० होतात. फिल्मचा आनंद खरा आहे, पण दर आठवड्याला पाकीट बघावं लागलं तर तो टिकत नाही.

एफएम२ यांत्रिक आहे, शटरला बॅटरी लागतच नाही. फक्त मीटरला एलआर४४च्या दोन लागतात. वाइंडिंगचा लिव्हर किंचित बाहेर काढून बटण अर्धं दाबलं की लाल अधिक, शून्य, उणे दिसतात. रोल काढून झाल्यावर मागचं झाकण उघडं ठेवून, लेन्स काढून, खिडकीकडे तोंड करून शटर चालवा आणि मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. १/३० ला शटर आठ फ्रेमभर उघडं दिसायला हवं, १/६० ला चार. दहा-अकरा फ्रेम आल्या तर आतलं तेल सुकलंय, साफसफाई लागेल. शटरच्या पडद्याला बोट लावू नका, तो पातळ धातूचा असतो आणि वाकला की गेला.

झाकणाच्या खाचांतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल, तर तो बदलल्याशिवाय रोल घालू नका, फोटोंवर नारिंगी पट्टे येतील. टूथपिकला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिलनं जुना फोम काढा आणि खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवा. बिजागरीच्या बाजूला जास्त रुंद पट्टी लागते, तिथे काळ्या मखमलीचा तुकडा. अल्कोहोलचा थेंब वरच्या फोकसिंग स्क्रीनवर पडू देऊ नका, ती प्लास्टिकची आहे.

लेन्स एफ/१.८ ला उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. कडेला असेल तर चित्रावर फारसा परिणाम नाही, पण वाढू न देता काढून घ्यायची, कारण ती काचेवरचा लेप कायमचा खाते. उन्हात ठेवा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तासन्‌तास उन्हात आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. आणि लेन्स लावलेला कॅमेरा सूर्याकडे तोंड करून तर कधीच ठेवू नका.

लॅबबद्दल एकच गोष्ट नीट सांगतो. सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेत डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३८ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं असते. जितकी फिल्म जाते तितकं ताजं रसायन घालत राहावं लागतं. पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या मिनीलॅबमध्ये रोज ढिगानं रोल येत, त्यामुळे रसायन ताजं राहायचं. आता जिथे आठवड्याला चार रोल येतात तिथे ते टाकीतच हवेनं खराब होतं, आणि रंग घसरतात. म्हणून ‘स्वस्त कुठे’ न विचारता ‘सी-४१ किती वेळा चालवता’ हे विचारा. पहिला रोल आयएसओ ४०० चा साधा रंगीत घ्या, थोडा जास्त उजेड देऊन काढा, आणि निगेटिव्ह परत मागा. हाती आल्यावर कडेचे छापील आकडे बघा. आकडे गडद आणि फोटो फिके असतील तर चूक तुमच्या एक्स्पोजरची किंवा मीटरची. आकडेही फिके असतील तर चूक लॅबची. हा रोल चांगला आला की मगच फ्रिजमधला बाबांचा रोल त्याच लॅबला द्या, आणि तो किती जुना आहे ते पिशवीवर लिहून द्या. फ्रिजमधून काढल्यावर डबी दोन तास बंद ठेवा, नाहीतर आपल्या हवेत फिल्मवर दव धरतं.

मेट्रोच्या बॅग तपासणीच्या यंत्रातून एखाद वेळ रोल गेला तर बिघडत नाही, रोजची ये-जा असेल तर हातात द्या. विमानतळावर मात्र हातानंच तपासायला सांगा, नव्या सीटी स्कॅनरनं एका फेरीत फिल्म धूसर होते.

चामड्याच्या कव्हरमध्ये कॅमेरा ठेवणं बंद करा, बुरशीचं खाद्य तेच. कडांना रबर असलेला हवाबंद डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवा. एसी लोकलमधून उतरल्यावर कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

मुलीच्या डिजिकॅमबद्दल: हौस म्हणून हरकत नाही, पण त्या जुन्या डब्यांचे भाव सध्या फुगलेत. साधं एसडी कार्ड चालतं आणि बॅटरी अजून मिळते, असाच घ्या. एक्सडी कार्डवाला घेतलात तर कार्ड शोधण्यातच वर्ष जाईल.

उरला हिशेब. बॉडी २७ हजार, रिंग, पॅनल आणि ॲक्रिलिक मिळून चार हजारांच्या आत, डबा आणि जेल दीड हजार, डिस्क पाच हजारांच्या आसपास. अडीच हजार उरतात, ते एफएम२च्या लोकरीला आणि पहिल्या रोलला लावा. दुकानदाराची ६ हजारांची सवलत घेऊ नका. चालू स्थितीतला एफएम२ आज एकटाच त्याच्या कितीतरी पट जातो, हे त्याला ठाऊक आहे. आणि ५० मिमी लेन्स त्याला देऊन आलात, तर निगेटिव्ह उतरवायला तशीच लेन्स पुन्हा विकत घ्यावी लागेल.